क्षमा केल्याने मन खरंच बरं होतं का?

सांजवेळ: 'माफ करून टाक, तुलाच बरं वाटेल' असं दुखावलेल्या माणसाला सगळेच सांगतात. कसं करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. क्षमेने मन बरं होतं असं माझं ठाम मत आहे, पण ते एका निर्णयाचं काम नाही. सूड घेणार नाही, हे एका दिवसात ठरवता येतं. राग निवायला महिने जातात. एव्हरेट वर्दिंग्टन या मानसशास्त्रज्ञांनी यासाठी पाच टप्पे मांडले: घडलेलं आठवणं, समोरच्याच्या जागी उभं राहून पाहणं, आपल्यालाही कधी माफी मिळाली होती हे स्मरून ती देणं, दिल्याचं लिहून किंवा बोलून पक्कं करणं, आणि राग पुन्हा उसळला तरी ते धरून ठेवणं. अनेकजण दुसऱ्या टप्प्यावर अडतात. तिथे दोन खुर्च्या मांडतात. रिकाम्या खुर्चीला मनातलं सगळं सुनवायचं, मग उठून तिच्यात बसायचं आणि त्या माणसाच्या तोंडून उत्तर द्यायचं. सुरुवातीला त्या खुर्चीतूनही आपलाच राग बोलतो. घाई केली तर तिथेच सोडून द्यावंसं वाटतं, म्हणून जागा पुन्हा पुन्हा बदलायच्या.

रोखठोक: टप्पे ठीक, पण धोका तुम्ही गाळलात. मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकनल्टी यांनी नवविवाहित जोडप्यांचा लग्नानंतर 4 वर्षं मागोवा घेतला. सहज माफ करणाऱ्यांना जोडीदाराकडून होणारा मानसिक आणि शारीरिक त्रास तसाच चालू राहिला. कमी माफ करणाऱ्यांचा घटत गेला. चुकीची काहीच किंमत मोजावी लागत नसेल, तर कुणी वागणं कशाला बदलेल? मार खाणाऱ्या बाईला क्षमा शिकवणं मला क्रूरपणा वाटतो.

सांजवेळ: मारहाण चालू असताना यातला एकही टप्पा सुरू करू नये, आधी सुरक्षित जागा. हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. पण क्षमा केली म्हणजे परत नांदायला गेलंच पाहिजे, असं नाही. तक्रार मागे न घेता, दार बंद ठेवूनही राग सोडता येतो. पुन्हा जुळवायला दोघं लागतात, माफ करायला एकटा पुरतो.

मध्यमा: शरीराचंही बघा. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शार्लट विटव्हलिएट यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी मनातली अढी घोळवली तेव्हा हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढला, भुवयांजवळचे स्नायू आवळले. क्षमेची कल्पना करताना हा ताण कमी होता. अर्थात ही प्रयोगशाळेतली थोड्या वेळाची कल्पना होती, त्यावरून हृदयविकार बरा होतो असं कुणी म्हणू नये. क्षमेवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांच्या पद्धतीत तर सुरुवातच राग उघड करण्यापासून होते. तो दाबून 'केलं माफ' म्हटलं, की साध्या बोलण्यातून टोमणे निघू लागतात.

रोखठोक: मग कुटुंबात नेमकं तेच होतं ना? वडीलधारे दोघांना समोर बसवतात, 'झालं गेलं विसरा' म्हणतात आणि पाच मिनिटांत प्रकरण मिटवतात. राग उघड करायला वेळ नाही, नुकसानभरपाई नाही. आधी चूक करणाऱ्याने काय केलं ते 'पण' न लावता बोलावं. पैसे बुडवले असतील तर परत करावेत, बदनामी केली असेल तर जिथे केली तिथेच खरं सांगावं. तोवर दुखावलेल्याला कुणी 'अजून किती धरून बसणार?' असं विचारू नये.