मदत हवी आहे : माउंट हॅरिएटवरील कालापत्थरपर्यंत ६८ वर्षांच्या वडिलांना नेता येईल का?

नमस्कार.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी वडिलांना घेऊन अंदमानला जात आहे. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमच्या, समोर पाण्यापलीकडे माउंट हॅरिएटचा डोंगर आहे. २०२१ पासून त्याचे नाव माउंट मणिपूर असे झाले आहे. माथ्यापर्यंत गाडी जाते आणि बहुतेक पर्यटक तिथूनच परत फिरतात. मात्र माथ्यापासून जंगलातून साधारण दोन किलोमीटर चालत गेले की कालापत्थर नावाचा एक कडा लागतो, आणि बाबांना तिथे जायचे आहे. त्यांना तिथपर्यंत नेणे शहाणपणाचे ठरेल का, एवढेच मला आपल्याला विचारायचे आहे.

शक्य असेल तर ती वाट स्वतः चाललेल्यांनी उत्तर द्यावे. आमच्या सहल आयोजकांनी माहितीसाठी जे दुवे पाठवले, ते सगळे स्वराज द्वीपावरील कालापत्थर समुद्रकिनाऱ्याचे निघाले. नाव एकच असले तरी ते बेट वेगळे आहे आणि तिथे चढ-उताराचा काही प्रश्नच येत नाही.

बाबांच्या प्रकृतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सल्ला त्यावरच अवलंबून राहील. आम्ही बोरिवलीला राहतो. बाबा रोज पहाटे राष्ट्रीय उद्यानात तासभर चालतात आणि महिन्यातून एकदा कान्हेरीच्या वरच्या लेण्यांपर्यंत चढतात. तरुणपणी त्यांनी इर्शाळगड, पेब, नाणेघाट असे बरेच काही केलेले आहे. हृदयाचा किंवा दम लागण्याचा त्रास नाही. उजव्या गुडघ्याची मात्र झीज झाली आहे. चढताना फारसे जाणवत नाही, परंतु उतरताना, विशेषतः पाय ठेवायची जागा निसरडी असेल तर, ते कठड्याचा किंवा माझ्या खांद्याचा आधार घेतात. डॉक्टरांनी चालणे बंद करायला सांगितलेले नाही, काठी आणि गुडघ्याचा पट्टा वापरायला सांगितले आहे.

म्हणून मला सर्वांत जास्त काळजी वाटेच्या उताराची आहे. आपल्याकडच्या किल्ल्यांवर ताज्या पायांनी चढायचे आणि थकलेल्या पायांनी उतरायचे, असा क्रम असतो. इथे सुरुवातच माथ्यावरून होत असल्यामुळे, वाट खाली उतरत जात असेल, तर गुडघ्याला जड जाणारा भाग आधी येईल आणि परतीला चढ लागेल. बाबांसाठी हा क्रम उलट सोयीचा ठरेल असे मला वाटते. पण ती वाट सलग उतरते, की डोंगराच्या धारेवरून जवळजवळ सपाटीने जाते? वाटेत मोठे खडक किंवा आडव्या पडलेल्या झाडांवरून पाय टाकावा लागतो का? सह्याद्रीच्या कातळावर बुटाची पकड कशी बसते हे बाबांना ठाऊक आहे. सदाहरित जंगलातल्या ओल्या मातीवर आणि कुजलेल्या पाल्यावर ते कधी चाललेले नाहीत. तिथला पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो असे वाचल्यावर आम्ही मुद्दाम जानेवारीची अखेर निवडली. तोवर वाट वाळलेली असते का, आणि जळवांचा त्रास कितपत उरतो, हेही सांगावे.

दुसरी अडचण वेळेची आहे. अंदमान आपल्या पूर्वेला इतके दूर असूनही घड्याळ मात्र आपलेच आहे, त्यामुळे हिवाळ्यात तिथे सूर्य मुंबईच्या जवळजवळ तासभर आधी मावळतो. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच डोंगरावर सूर्यास्त पाहायला गेला होता. खाली होपटाउनच्या धक्क्यावर पोहोचेपर्यंत अंधार पडला आणि तिथेच शेर अली आफ्रिदीने त्याचा वध केला. हा प्रसंग बाबांनीच मला सांगितला, तेव्हा उशीर न करण्याचे महत्त्व त्यांना वेगळे पटवून द्यावे लागणार नाही. माझा बेत असा आहे की सकाळी लवकर चॅथमहून बांबू फ्लॅटची फेरी बोट धरायची, तिथून गाडीने माथा गाठायचा आणि दुपारी दोनच्या आत कालापत्थरहून परतीला लागायचे. वनखात्याच्या चौकीवर परवानगी सकाळी किती वाजता मिळू लागते, आणि सोबत स्थानिक वाटाड्या घेता येतो का? वाट कितीही मळलेली असली तरी वडील सोबत असताना मला वाटाड्या हवाच आहे.

एवढा अट्टहास कशासाठी, असे कोणी विचारील म्हणून सांगतो. बाबा बँकेत रोखपाल होते. वीस रुपयांची ती तांबूस नोट, जिच्या मागच्या बाजूला नारळीची झाडे, समुद्र आणि पलीकडचा डोंगर आहे, ती त्यांनी निवृत्त होईपर्यंत रोज मोजली. नवी कोरी गड्डी पहिल्यांदा हातात आली त्या दिवशी त्यांनी घरी येऊन आपल्या खिशातली एक नोट आम्हा भावंडांना भिंगातून दाखवली होती, आणि निवृत्तीनंतर हे ठिकाण पाहायचे असे तेव्हाच म्हणाले होते. नोटेवरचे अंदमानातले ते दृश्य कालापत्थरहून दिसते, असा आमचा समज होता. २०१९ मध्ये वेरूळच्या लेण्यांची नवी नोट आली, तेव्हा आम्ही त्यांना वेरूळला नेऊन आणले. अंदमान मात्र राहूनच गेले. जुनी नोट त्यांनी पाकिटात जपून ठेवली आहे.

पुरवणी : प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दोघांनी लिहिले आहे की नोटेवरचे दृश्य कालापत्थरहून दिसतच नाही. माउंट हॅरिएटच्या रस्त्यावरून नॉर्थ बेचे दीपगृह दिसते, ते ते दृश्य. आणखी एकांचे म्हणणे असे की ते चित्र शहराच्या बाजूने, पाण्याकाठच्या एका विश्रामगृहाच्या आवारातून घेतलेले आहे आणि त्यातला डोंगर म्हणजेच माउंट हॅरिएट. मी काल रात्री बाबांना दोन्ही मते वाचून दाखवली. त्यांनी नोट काढून बराच वेळ पाहिली आणि दोन्ही जागी उभे राहून ताडून पाहू, असे म्हणाले. कालापत्थरला जायची इच्छा तरीही कायम आहे. डोंगर चित्रात असेल, तर त्याच्या आत काय आहे तेही पाहायला हवे, असे त्यांचे म्हणणे आहे.

त्यामुळे माझा मूळ प्रश्न तसाच उभा आहे, फक्त त्याला एक जोड देतो. गुडघ्याने कुरकुर केली आणि अर्ध्या वाटेवरून फिरावे लागले, तर जिथे झाडी थोडी मोकळी होऊन खालचे जंगल किंवा समुद्र दिसतो आणि माणसाला दहा मिनिटे टेकता येते, अशी एखादी जागा वाटेत आहे का? असल्यास माथ्यापासून किती मिनिटांवर आहे, तेवढे कृपया कळवावे. वाटाड्याशी बोलणी करायची असल्यामुळे १५ जानेवारीपूर्वी उत्तर मिळाले तर फार उपकार होतील.