केडगावला बघा
"बाप्तिस्मा घेतला, रविवारी उपासनेला गेलं, की झाला येशूचा शिष्य" असं कुणी म्हटलं की राहवत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा, इंग्लंडातला. पण त्यांचं शिष्यत्व बघायचं तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन बघा, निराधार बायका-मुलींसाठी त्यांनी काढलेला आश्रम. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. नुसतं खाऊ घालून थांबल्या नाहीत. शेती, विणकाम शिकवलं, अंध मुलींना ब्रेलसुद्धा. मिशनच्या छापखान्यात याच मुली अक्षरांचे खिळे जुळवायच्या. त्यातच बायबलचं भाषांतर, आणि त्यासाठी हिब्रू-ग्रीक शिकणं, तेही उतारवयात!