'जबर दुखापत' आणि 'विधिसंघर्षग्रस्त बालक'

प्रश्न : शाळेबाहेर पोरांची मारामारी झाली, भाच्याचा पुढचा दात पडला. पोलिसांच्या कागदावर 'जबर दुखापत' आहे. एका दाताला जबर म्हणतात? आणि मारणारा पोरगा 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. हे काय प्रकरण आहे?

– बोलण्यातला 'जबर' इथे विसरा. बोलताना मार जबर बसतो म्हणजे खूप बसतो. कायद्यात मात्र यादी ठरलेली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये आठ प्रकार दिलेत. डोळा किंवा कान कायमचा जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं वगैरे. हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं हा त्यातलाच एक. म्हणजे दात पडला की विषय संपला, दुखलं किती हे कोणी विचारत नाही. उलट अंगभर वळ उठले, आठवडाभर धड बसता येत नाही, तरी ती बहुधा नुसती 'दुखापत'. शेवटच्या प्रकारात जिवाला धोका, किंवा १५ दिवस तीव्र वेदना किंवा रोजचे व्यवहार बंद, असं आहे. जुन्या दंड संहितेत हेच २० दिवस होते. १ जुलै २०२४ पासून १५ झाले.

या एका विशेषणाने पुढचं सगळं बदलतं. हत्याराशिवायची साधी दुखापत अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत; शिक्षा एक वर्षापर्यंत. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात आणि कोर्टात जा म्हणतात. जबर असेल तर दखलपात्र, सात वर्षांपर्यंत. त्यामुळे डॉक्टरांचा दाखला नीट वाचून घ्या. पेपरातलं 'गंभीर जखमी' याच्याशी जुळेलच असं नाही.

– दुसऱ्या शब्दाबद्दल. अर्थ एवढाच : कायद्याशी संघर्षात आलेलं मूल. उच्चारायला जड आहे खरा, पण मुद्दाम घडवलाय. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाला अठराच्या आतल्या मुलावर 'आरोपी', 'गुन्हेगार' असे शिक्के नको आहेत. वय धरायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

– पण सोळा वर्षांच्या पुढे मोठ्यांसारखा खटला चालतो ना?

– सरसकट नाही. गुन्हा 'निर्घृण' लागतो, आणि तिथेही व्याख्या आकड्याची : किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त. मग मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, यासाठी मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं. कमाल शिक्षा कितीही असो, किमान ठरलेली नसेल तर तो निर्घृण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. जबर दुखापतीला किमान शिक्षाच नाही, त्यामुळे या पोराबाबत तो प्रश्न येत नाही.

– आमच्या सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' आहे, ते हेच का?

– नाही हो, ते 'अज्ञान पालनकर्ता', म्हणजे अज्ञान खातेदाराचा पालक. महसुली आणि दिवाणी कागदांत अठराच्या आतला तो 'अज्ञान', वरचा 'सज्ञान'. त्याचा अकलेशी संबंध नाही. मूल सज्ञान झालं असेल तर तलाठ्याकडे वयाचा पुरावा देऊन ती नोंद कमी करून घ्या, नाहीतर जमीन विकताना अडेल.