‘स्टार ट्रेक’चा सिनेमा आधी की ‘काउंटडाउन’ कॉमिक आधी?

खानापूरवाला: २००९ चा ‘स्टार ट्रेक’ धाकट्या भावाला दाखवायचाय. ‘काउंटडाउन’ हे कॉमिक त्याच्या आधीची गोष्ट सांगतं म्हणे. मग ते आधी वाचायला देऊ काय?

टिळकवाडीकर: नको दादा, सिनेमा आधी. कॉमिकही २००९ चंच, सिनेमाच्या तोंडावर चार अंकांत आलेलं. कथा सिनेमाच्या मंडळींचीच, चित्रं डेव्हिड मेसिनाची. पण आधी वाचलंस तर सिनेमातला खलनायक नीरो कुठून आला, कशानं पेटलाय हे कोडंच उरत नाही.

सिनेमानंतर मात्र वाचाच! पडद्यावर नीरो नुसता सूडानं पेटलेला दिसतो. कॉमिकमध्ये तो साधा खाणकामगार आहे, आणि व्हल्कन ग्रहाच्या राजदूत स्पॉकवर विश्वास ठेवणारा. तारा फुटणार हा स्पॉकचा इशारा नीरोच्या ग्रहाचं, रोम्युलसचं, सिनेट धुडकावतं, व्हल्कनवालेही हात वर करतात, अन् रोम्युलस जळतो. बायको गेली, पोटातलं पोरही गेलं. चेहऱ्यावरच्या त्या काळ्या खुणा आठवतात? रोम्युलन लोक सुतकात अंगावर रंगानं काढतात, रंग उडाला की दुःख सरलं. नीरो त्या कायमच्या कोरून घेतो. तेवढ्या एका पानासाठी मी हे कॉमिक कुणालाही देईन.

निपाणीकर: नीरोच्या खाणीच्या जहाजाला एवढी ताकद कुठली, हेही त्यातच कळतं. त्या जहाजाला, म्हणजे नाराडाला, बोर्ग या अर्धयांत्रिक जमातीचं तंत्रज्ञान जोडलेलं असतं. सिनेमात त्याचा उल्लेखच नाही.

खानापूरवाला: ठरलं मग, रविवारी सिनेमा. कॉमिक सोमवारी हातात देतो.

टिळकवाडीकर: त्याला काय वाटलं ते इथं लिही बघ.