मदत हवी आहे: स्टेटसवरून पोलिसांची नोटीस, तीही व्हॉट्सॲपवर

नमस्कार मंडळी,

विषय माझ्या भाच्याचा आहे. वय २२, शेवटच्या वर्षाला. गेल्या आठवड्यात सरकारच्या एका निर्णयावर त्याने स्टेटस ठेवलं. शिवी नाही, जातधर्म नाही. मंत्र्यांचा फोटो आणि खाली 'आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय'. चोवीस तासांत स्टेटस गेलं, पण तोवर कुणीतरी स्क्रीनशॉट काढून तक्रार ठोकली.

काल व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. नागरिक सुरक्षा संहिता ३५(३) ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस, गुन्हा न्याय संहिता १९६ (गटागटांत तेढ) आणि ३५३ (अफवा, चिथावणी) खाली, 'मोबाईलसह हजर राहावे', तारीख परवाची. पाठोपाठ फोन: "ये रे, दहा मिनिटांचं काम आहे."

ताईला रात्रभर डोळ्याला डोळा नाही. भावजी म्हणतात, अकाउंट उडव, माफीनामा लिहून दे आणि मोकळा हो. मला हे पटत नाही, पण माझं कायद्याचं ज्ञान पेपरात वाचलेलं. २०१२ ला पालघरला फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली होती, एकीने तर नुसतं लाइक केलं होतं. त्यात लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ ला रद्द केलं. मग आता हे काय? कलमाचा नंबर तेवढा बदलला?

अशी नोटीस चालते का? आणि माफीनामा म्हणजे कबुलीच ना?

---

प्रतिसाद:

वकिली करतो म्हणून लिहितो. ३५(३) ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावू नका, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्येच बजावलंय. पण म्हणून घरी बसू नका! गैरहजेरी म्हणजे अटकेला आयतं निमित्त. तारखेला गेला, तर अटकेची कारणं त्यांना लेखी नोंदवावी लागतात. वकिलाला सोबत न्या, एफआयआरची प्रत मागा.

माफीनामा अजिबात नको. डिलीटही काही करू नका, पुरावा नष्ट केला म्हणतील.

कोल्हापूरकडच्या एका प्राध्यापकांनी ३७० हटवल्याचा दिवस 'काळा दिवस' म्हणून स्टेटसला ठेवला होता. जुन्या दंड संहितेचं १५३अ लागलं, तेच आताचं १९६. हायकोर्टाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये रद्द केला. सरकारवर टीका करणं हा गुन्हा नाही, हे तिथे स्वच्छ लिहिलंय. शिवाय मार्च २०२५ च्या निकालानुसार अशा बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत एफआयआरआधी प्राथमिक चौकशी करायला हवी. ती झाली होती का, हे तुमच्या वकिलाला आधी तपासायला सांगा.

---

धागाकर्ता:

खूप आभार. ताईला वाचून दाखवलं. तिची एकच काळजी: फोन जमा केला तर परत कधी? त्याचा अख्खा प्रोजेक्ट त्यात आहे.

---

प्रतिसाद:

कोर्टात अर्ज करावा लागतो, वेळ जातो. जप्ती केली तर पंचनाम्याची प्रत घ्या. प्रोजेक्ट आज रात्रीच पेन ड्राइव्हवर घ्या. कॉपी करा हं, कट नको.