पगारातले दोनशे रुपये आणि ‘आतून सगळे एकच’

(सोसायटी रहिवासी ग्रुप. विधिमंडळाचं अधिवेशन चालू आहे.)

बी-२०४: फोटो बघा. सकाळी सभागृहात एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे दोघं दुपारी एका टेबलावर चहा पितायत. आतून सगळे एकच! आपण मात्र त्यांच्यासाठी भावकीत भांडायचं.

सी-६०१: 😂 अधिवेशनाच्या आदल्या दिवशी चहापानावर बहिष्कार. अधिवेशनात चहा चालतो.

सेक्रेटरी: ग्रुपवर राजकारण नको, मीटिंगमध्ये ठरलंय 🙏 टँकर आज पाचऐवजी सातला येईल.

ए-००२ (काका): सेक्रेटरी साहेब, टँकर सातला येतो हाही तिथलाच विषय, म्हणून लिहितो. माझी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. अधिवेशन लागलं की आमच्या रजा बंद. तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं) आला की तालुक्यावरून आकडे मागवायचे आणि रात्री उशिरापर्यंत उत्तर तयार करायचं. छापील यादीत एका प्रश्नाखाली चार-पाच आमदारांची नावं असायची, तीही वेगवेगळ्या पक्षांची. विषय सारखा असला की नावं एकत्र येतात. सत्ताधारी आमदाराला स्वतःच्याच मंत्र्याला अडचणीत आणणं जड जातं. विरोधातल्याने प्रश्न लावला की यालाही उपप्रश्न विचारायला वाट मिळते. त्या फोटोतले दोघं असंच काही बोलत होते असं मी म्हणत नाही, क्रिकेटवरही बोलत असतील. पण एका टेबलावर बसले म्हणजे लगेच मिलीभगत होत नाही.

बी-२०४: काका, तुमच्या वेळचे आमदार वेगळे हो. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या लॉबीत समर्थकांची हाणामारी झाली ती अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली.

ए-००२ (काका): पाहिली. शरमच वाटली. बरं, एक सांगा. तुमच्या पगाराच्या स्लिपवर दरमहा दोनशे रुपये कापलेले असतात ना? ते कुठे जातात?

डी-३०५: प्रोफेशन टॅक्स? मला वाटायचं महापालिका घेते.

सी-६०१: आणि फेब्रुवारीत तीनशे! ऑफिसात विचारलं तर “सिस्टीमच कापते” एवढंच उत्तर.

बी-५०३ (सीए ताई): अकरा महिने २०० आणि एकदा ३००, मिळून वर्षाचे २,५००. या कराला राज्यघटनेने घातलेली वरची मर्यादाच तेवढी आहे. राज्य सरकारचा कर आहे, १९७५ चा कायदा. पण काका, कशासाठी सुरू झाला ते मलाही नाही माहीत 🙈

ए-००२ (काका): रोजगार हमीसाठी. १९७२ चा दुष्काळ आठवणारे या ग्रुपवर आम्ही दोघं-तिघंच असू. आमची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर ती लाल मिलो ज्वारी. ७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना वि. स. पागे यांची. ते १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते, पक्षाने काँग्रेसचे. आधी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात छोटा प्रयोग झाला, मग दुष्काळात ती योजना राज्यभर गेली. पैसा कुठून आणायचा? तर शहरातल्या पगारदारांवर आणि व्यापाऱ्यांवर व्यवसाय कर बसवून, आणि जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारने स्वतःची घालून.
१९७७ मध्ये हमीचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने झाला. तेव्हा वसंतदादांचं काँग्रेस सरकार होतं. अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९७९ ला, तोवर शरद पवारांच्या पुलोद आघाडीचं सरकार आलेलं, जनता पक्ष आणि शेतकरी कामगार पक्ष त्यात. ज्यांनी विरोधी बाकांवरून कायद्याच्या बाजूने हात वर केले होते त्यांनीच मग तो कायदा राबवायला घेतला. आदल्या सरकारचं म्हणून बासनात गुंडाळून ठेवला नाही. केंद्राचा कायदा यायला २००५ उजाडलं.

डी-३०५: काका, माहिती छान आहे, पण एकमताचं एवढं कौतुक नको. सीमाप्रश्नाचा ठराव २७ डिसेंबर २०२२ ला नागपुरात एकमतानेच झाला. ८६५ गावं, इंच न् इंच जागा वगैरे. त्या गावांत फरक काय पडला? महिलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये एकमताने झालं, लागू कधीच झालं नाही. टाळ्या मात्र दोन्हीकडून.

ए-००२ (काका): मॅडम, अगदी बरोबर. मला तेच म्हणायचं होतं, तुम्ही आधी म्हणालात. ज्या ठरावात कुणाच्या खिशाला झळ नाही त्यावर एकमत व्हायला काय लागतं? व्यवसाय करात मुंबई-पुण्याच्या आमदारांनी आपल्याच मतदारांचे पैसे काढून सांगोला-आटपाडीच्या मजुराला दिले. मी तळमजल्यावर राहून लिफ्टचा खर्च भरतो, तसलं आहे ते.

सी-६०१: काका, लिफ्टवरून पुन्हा नको 😄

बी-५०३ (सीए ताई): मृणाल गोरे यांचंही नाव घ्या की. गर्भलिंग चाचणीचा प्रश्न त्यांनी विरोधी बाकावरून लावून धरला, आणि १९८८ मध्ये देशातला तसला पहिला कायदा महाराष्ट्राने केला. केंद्राने १९९४ मध्ये. माझ्या आजीसाठी त्या कायम ‘पाणीवाली बाई’.

बी-२०४: ठीक आहे, तेव्हा विरोधक होते. आता आहेत कुठे? २०२४ च्या निकालात ठाकरे गट २०, काँग्रेस १६, पवार गट १०. २८८ मध्ये ४६. विरोधी पक्षनेतेपदाला दहा टक्के म्हणजे २९ लागतात म्हणे, तेवढे एकाही पक्षाकडे नाहीत.

डी-३०५: तो कायदा नाही, संकेत आहे. मनात आणलं तर देता येतं.

सी-६०१: लोकांनीच तसा निकाल दिला. आता रडायचं कशाला?

डी-३०५: मत सरकार निवडायला दिलं होतं. प्रश्न विचारणारा नको असं कुणी म्हटलं?

बी-२०४: *हा मेसेज डिलीट केला आहे*

सेक्रेटरी: बी-२०४, धन्यवाद 🙏 आता थांबूया का?

ए-००२ (काका): शेवटचं, कामाचं. आपलं गाव महापालिकेत घेतलं, कर लागला, पाणी टँकरचंच राहिलं. आसपासच्या सगळ्या सोसायट्यांचं हेच. एक अर्ज करू: आपल्या सत्ताधारी आमदारांना आणि त्याच दिवशी विधान परिषदेतल्या एखाद्या विरोधी सदस्याला. मजकूर एकच, आणि दोघांना दिलाय हे अर्जातच लिहायचं. दोन्ही सभागृहांत विषय लागला तर खात्याला दोन्हीकडे तेच उत्तर द्यावं लागतं, आकडे बदलता येत नाहीत. ही आतली गोष्ट सांगतोय.

सी-६०१: विरोधी सदस्याला आपल्या मतांचं काय पडलंय?

बी-५०३ (सीए ताई): विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ आहे ना! त्याची यादी दर निवडणुकीला नव्याने होते, मागची नोंदणी चालत नाही. आपल्याकडे दीडशे फ्लॅट, निम्म्याहून जास्त पदवीधर. अर्जात तेही लिहा, लगेच वाचतील.

ए-००२ (काका): हुशार आहात. मसुदा मी लिहितो, पण आकडे हवेत. नुसतं ‘पाणी येत नाही हे खरे आहे काय’ असं विचारलं की उत्तर येतं ‘हे अंशतः खरे आहे’, आणि खालच्या उपप्रश्नांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. अशी उत्तरं मी स्वतः टाइप करून घेतलीयत. महिन्याला किती टँकर, बिल किती, महापालिकेकडे दिलेल्या अर्जांचे आवक क्रमांक आणि तारखा, एवढं द्या. मग ‘अंशतः’ला जागा राहत नाही.

सेक्रेटरी: एप्रिलपासूनची बिलं फाइलमध्ये आहेत. आवक क्रमांक मागच्या कमिटीच्या काळातले आहेत, त्यांनी फाइल दिलीच नाही.

डी-३०५: मागची कमिटी याच ग्रुपवर आहे.

बी-२०४: माझ्या घरी आहे फाइल. संध्याकाळी आणून देतो. पण अर्जावर मागच्या कमिटीचंही नाव टाका.