ही नाइट टेररची लक्षणं वाटतात
वर एका ताईंनी लिहिलंय की त्यांची चार वर्षांची लेक झोपल्यावर दीडेक तासात किंचाळत उठून बसते. डोळे टक्क उघडे, पण आईलाच ढकलते आणि सकाळी तिला काही आठवत नाही. ताई, हे वाईट स्वप्न वाटत नाही, नाइट टेरर वाटतो. तो गाढ झोपेतून अर्धवट जाग येताना होतो. वाईट स्वप्नं बहुधा पहाटेकडे पडतात. मूल पूर्ण जागं होतं, बिलगतं, काय दिसलं ते सांगतं.

अशा वेळी तिला गदागदा हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. ती आणखी बिथरेल. पलंगावरून पडत नाही ना, एवढं बघा. काही मिनिटांत ती आपोआप शांत होते. अपुऱ्या झोपेनं आणि तापात हे वाढतं. या वयात दुपारची धरून 10 ते 13 तास झोप हवी. दुपारचं झोपणं नुकतंच सुटलं असेल तर रात्री लवकर निजवा. ती घोरत असेल किंवा हातपाय झटके आल्यासारखे उडत असतील, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

कुणीतरी दृष्ट काढायला सुचवलंय. आजीनं मायेनं मीठमोहऱ्या ओवाळल्या तर ओवाळू देत, पण मुलीसमोर 'नजर लागली' ही चर्चा नको. आणि 'जेव, नाहीतर बागुलबुवा येईल' हे तर कृपा करून बंदच करा! माझा भाचा त्यापायी दिवेलागणीनंतर मोरीतही एकटा जाईना. बहिणीनं बॅटरी त्याच्याच हातात दिली, आधी दाराशी उभी राहायची, मग स्वयंपाकघरातून नुसती हाक द्यायची. हळूहळू जायला लागला.